मसाई माराला निघण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनियाची सहल ठरली की घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच तेच प्रश्न फिरू लागतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही मोठी आहेत, काही दोन ओळींची. सगळा भर मसाई मारा या तिथल्या वन्यप्राण्यांच्या राखीव क्षेत्रावर आहे, कारण मुंबईहून निघणारी बहुतेक मंडळी तिथेच जातात आणि गैरसमजही तिथलेच जास्त असतात.

मे महिन्याच्या सुट्टीत गेलं तर चालेल का?

चालेल, पण कशासाठी जाताय ते आधी ठरवा. मार्चअखेर ते मे हा तिथला मोठा पावसाळा. गवत कमरेएवढं वाढतं आणि त्यात बसलेला सिंह दहा फुटांवरूनही दिसत नाही. शिवाय माराची जमीन बरीचशी काळ्या मातीची आहे. ती भिजली की गाडीच्या चाकांचं काय होतं, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर मुक्कामाचे दर उतरलेले असतात, गर्दी नसते, आभाळ आणि प्रकाश दोन्ही सुंदर असतात. फोटोग्राफीचं वेड असेल तर मे वाईट नाही. शाळकरी मुलांना घेऊन पहिल्यांदाच जात असाल तर शाळा उघडण्यापूर्वीचा जूनचा पहिला आठवडा बरा.

दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात आली तर नशीब. नोव्हेंबरात छोटा पावसाळा सुरू होतो, पण तो दिवसभर कोसळत नाही, बहुतेक दुपारी येऊन जातो. जानेवारी-फेब्रुवारी कोरडे आणि निवांत असतात. सिंह, चित्ते, हत्ती तेव्हाही तिथेच असतात, फक्त विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, मोठे कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला, टांझानियात गेलेले असतात.

नदी ओलांडणारे ते प्रसिद्ध कळप हमखास दिसतात का?

नाही. हमखास दाखवतो असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडे बुकिंग करू नका.

बारा-तेरा लाखांहून अधिक विल्डबीस्ट, त्यांच्यासोबत लाखो झेब्रे आणि हरणं, वर्षभर पाऊस आणि गवताच्या मागे सेरेंगेटी-मारा पट्ट्यात फिरत असतात. कोरड्या महिन्यांत उत्तरेकडे पाणी आणि चारा टिकतो, म्हणून साधारण जुलै ते ऑक्टोबर ते मारा नदीच्या आसपास असतात. याच काळात ते नदी ओलांडतात, आणि एकदाच नव्हे तर अलीकडे-पलीकडे कितीतरी वेळा. पण कधी ओलांडतील याचं वेळापत्रक नसतं. कळपाला ठरलेला नेता नसतो. हजारो जनावरं काठावर येऊन तासन्‌तास उभी राहतात, पुढची पाण्यात डोकावतात, मागची रेटतात, आणि मग कुठल्याशा कारणाने सगळी वळून चरायला निघून जातात. काठावर उन्हात थांबलेल्या तीस-चाळीस गाड्यांतल्या लोकांचे चेहरे तेव्हा पाहण्यासारखे असतात.

गाड्यांचाच प्रश्न आता गंभीर झाला आहे. पहिली जनावरं पाण्यात उतरेपर्यंत गाड्यांनी काठापासून मागे राहायचं असतं. पण चांगल्या जागेच्या हव्यासापायी काही चालक कळपाच्या उतरण्याच्या वाटेवरच गाडी घालतात. कळप बिचकतो आणि उभ्या कड्यावरून उड्या घेतो. आपला चालक असं करू लागला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. त्याला वाटत असतं की पाहुण्यांना हेच हवं आहे. नको, हे पाहुण्यानेच सांगावं लागतं.

मगरींबद्दल एक गोष्ट. मगरी ओढून नेतात ते खरं, पण नदीत मरणाऱ्यांपैकी बहुतेक बुडून आणि चेंगरून मरतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मारा नदीत दरवर्षी सरासरी सहा हजारांहून अधिक विल्डबीस्ट बुडतात असं दिसलं. त्यांचं मांस गिधाडं, मराबू करकोचे, मगरी आणि मासे खातात. हाडं कुजायला तर अनेक वर्षं लागतात, आणि त्यांतून फॉस्फरस हळूहळू पाण्यात उतरत राहतो. पुरानंतर काठावर साचलेले सांगाडे पाहून कुणी नाक दाबलं तर त्याला हे सांगा. नदीचं जगणं बरंचसं या मढ्यांवर चालतं.

‘रिझर्व्ह’ आणि ‘कन्झर्व्हन्सी’ यांत फरक काय? एजंट दोन्ही नावं घेतो.

आमच्या मते हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि विचारला जातो सर्वांत कमी.

रिझर्व्ह म्हणजे मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र, सुमारे 1,510 चौरस किलोमीटर. हे केंद्र सरकारचं राष्ट्रीय उद्यान नाही, ते नारोक काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारच्या, ताब्यात आहे. मारा नदीच्या पश्चिमेचा तुकडा, ज्याला मारा ट्रायँगल म्हणतात, त्याची व्यवस्था 2001 पासून एक बिगरनफा संस्था काउंटीच्या वतीने पाहते. तिथे रस्ते आणि शिस्त दोन्ही बरी.

कन्झर्व्हन्सी म्हणजे रिझर्व्हच्या उत्तरेला आणि पूर्वेला लागून असलेली, गुरं पाळणाऱ्या मसाई जमातीच्या कुटुंबांची खासगी जमीन. पूर्वी ही जमीन सामाईक होती. मग तिची वाटणी होऊन घरटी तुकडे पडले. तुकडा हातात आला की तो विकता येतो, नांगरता येतो, कुंपण घालता येतं. काही ठिकाणी तसंच झालं. लोइटा पठारावरून माराकडे येणारे विल्डबीस्टचे स्थानिक कळप गेल्या काही दशकांत फार घटले, त्यामागे शेती आणि कुंपणं ही मोठी कारणं आहेत. काही भागांत मात्र शेजारी-शेजारी मालकांनी आपले तुकडे एकत्र करून ते पर्यटन व्यावसायिकांना भाडेपट्ट्याने दिले. मारा नाबोइशो ही अशीच, 2010 साली उभी राहिलेली, सुमारे 50,000 एकरांची आणि पाचशेहून अधिक जमीनमालकांची. ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ, ओल किन्येई ही आणखी काही नावं. मालकाला एकराच्या हिशोबाने दरमहा पैसे मिळतात, त्याच्या तुकड्यावर सिंह दिसो वा न दिसो. बदल्यात तो तिथे घर बांधत नाही, कुंपण घालत नाही, आणि गुरं ठरलेल्या पद्धतीनेच चारतो.

प्रवाशाला यातून काय मिळतं? तंबूंची संख्या मर्यादित असल्यामुळे गर्दी कमी. रात्रीची सफारी आणि मसाई वाटाड्यासोबत पायी फिरणं इथे करता येतं, रिझर्व्हमध्ये दोन्हीला बंदी आहे. प्राण्यांसाठी वाट सोडून गाडी नेण्याची मुभाही इथे असते. दर अर्थातच चढे. परवडत असेल तर दोन रात्री कन्झर्व्हन्सीत आणि एक-दोन दिवस रिझर्व्हमध्ये, अशी वाटणी आम्ही सुचवू. तुमच्या पैशातला काही भाग त्या जमिनीच्या मालकाच्या घरी पोचतो, हे त्यातलं मोठं समाधान. 2020 मध्ये पर्यटक थांबले तेव्हा या भाड्यांनाही कात्री लागली होती. ही व्यवस्था किती नाजूक आहे ते तेव्हा दिसलं.

प्रवेश शुल्क किती?

रिझर्व्हसाठी 2024 पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं बारा तासांचं असतं. म्हणून ‘3 रात्री 4 दिवस’ अशा पॅकेजमध्ये किती दिवसांचं शुल्क धरलं आहे ते लेखी घ्या. स्वस्त पॅकेजमध्ये मुक्काम गेटबाहेर असतो आणि आतला वेळ मोजून-मापून दिलेला असतो. दर बदलत राहतात, निघण्यापूर्वी पुन्हा पाहून घ्या.

नैरोबीहून गाडीने जावं की विमानाने?

गाडीने पाच-सहा तास. नैरोबी सोडल्यावर ग्रेट रिफ्ट व्हॅलीचा कडा लागतो, मग खाली उतरून नारोक, आणि पुढे सेकेनानी गेट. रिफ्ट व्हॅलीसाठी तरी एकदा रस्त्याने जावंच. विल्सन विमानतळावरून छोटी विमानं पाऊण तासात माराच्या धावपट्टीवर उतरवतात. त्यांत सामान साधारण 15 किलोपर्यंत आणि तेही मऊ पिशवीत लागतं. चाकांची कडक सुटकेस चालत नाही. पाठदुखी असलेल्यांनी येताना तरी विमान घ्यावं.

कोणती लस? मलेरियाचं काय?

यलो फीवरची लस आणि तिचं पिवळं कार्ड. केनियात उतरताना भारतातून थेट आलेल्याला ते सहसा मागत नाहीत. खरी गरज परतताना असते. केनियाहून येणाऱ्याकडे वैध कार्ड नसेल तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस घेतल्यावर कार्ड दहा दिवसांनी वैध होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तारखा लवकर भरतात. साठीच्या पुढची मंडळी, गर्भवती आणि अंड्याची ॲलर्जी असलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

नैरोबी उंचावर असल्याने तिथे मलेरियाचा धोका कमी, मारात मात्र आहे. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं मलम, एवढं तुम्ही ठरवा.

व्हिसा?

जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना, म्हणजे ईटीए, घ्यावा लागतो. केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच अर्ज करा. तशाच दिसणाऱ्या, जादा पैसे घेणाऱ्या साइट पुष्कळ आहेत.

‘बिग फाइव्ह’ सगळे दिसतील ना?

सिंह, हत्ती आणि रानम्हैस बहुधा दिसतील. बिबट्या नशिबावर. काळा गेंडा मारात थोडाच आहे आणि झुडपांत राहतो. पण ही यादी शिकाऱ्यांनी केलेली, पायी शिकार करायला सर्वांत धोकादायक कोण यावरून. केनियात शिकारीला 1977 पासून बंदी आहे आणि आपण मात्र अजून त्यांची यादी घेऊन फिरतो. त्या यादीत चित्ता नाही, जिराफ नाही, पाणघोडा नाही, तरस नाही.

तरसासाठी एक तास वेगळा काढा. उष्टं खाणारा, भित्रा, ही त्याची ख्याती ठिपकेवाल्या तरसाच्या बाबतीत साफ चुकीची. ते आपलं बहुतेक अन्न स्वतः मारून खातात, कळपात माद्यांचा हुकूम चालतो, आणि कितीतरी वेळा सिंहच त्यांची शिकार हिसकावतात. सकाळी लवकर त्यांच्या बिळापाशी गेलात तर काळसर पिल्लं खेळताना दिसतील.

चित्त्याबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. आपल्याकडे चित्ता 1952 साली नामशेष म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये नामिबियातून आणलेले चित्ते कुनोत सोडले गेले, त्यामुळे मराठी पाहुण्यांना त्याचं अप्रूप फार. चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणून गाड्यांचा त्रास त्यालाच जास्त. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मारातल्या अभ्यासात, पर्यटकांची गर्दी जास्त असलेल्या भागांत दर वेताला सरासरी 0.2 पिल्लं मोठी झाली आणि गर्दी कमी असलेल्या भागांत 2.3. नियमाप्रमाणे एका प्राण्याभोवती पाचच गाड्या थांबाव्यात. सहावी गाडी तुमची असेल तर लांब थांबून दुर्बिणीने पाहा.

कॅम्पला कुंपण नसतं असं ऐकलं. रात्री प्राणी आत येत नाहीत का?

येतात. पाणघोडे रात्री चरायला नदीतून वर येतात, हत्ती झाडं मोडत जातात, बाहेर सिंहाचा आवाज ऐकू येतो. अंधार पडल्यावर तंबूतून जेवणाच्या जागी एकटं जायचं नाही. टॉर्च हलवून खूण करायची, पहारेकरी येतो आणि सोबत नेतो. त्याला तिथे अस्कारी म्हणतात. तंबूची झिप पूर्ण लावायची आणि आत खाण्याचे पदार्थ ठेवायचे नाहीत. चिवड्याच्या पिशवीचा वास माकडांना आणि बबूनांना बरोबर येतो. एवढं पाळलं तर घाबरण्यासारखं काही नाही. पहिल्या रात्री झोप लागणार नाही, ती वेगळी गोष्ट.

मसाई गाव पाहायला जावं का? सगळा देखावाच असतो म्हणतात.

काही ठिकाणी असतो. माणशी ठरावीक रक्कम, उड्या मारत केलेला नाच, काड्या घासून आग पेटवणं, आणि शेवटी मण्यांच्या माळांचं दुकान. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. तुम्ही पैसे देऊन पाहायला आला आहात आणि ते पैसे घेऊन दाखवत आहेत. फक्त दोन गोष्टी करा. रक्कम गाडीतून उतरण्यापूर्वी ठरवा, आणि ती गावाला मिळते की चालकाच्या खिशात जाते ते विचारा.

पण वेळ असेल तर याहून चांगली रीत म्हणजे कन्झर्व्हन्सीतल्या कॅम्पच्या मसाई वाटाड्यासोबत दोन तास पायी हिंडणं. नाच पाहून जे कळत नाही ते चालताना बोलण्यातून कळतं. काटेरी फांद्यांच्या कुंपणाच्या वस्तीत घरं बायका बांधतात, काठ्या, माती आणि शेणाची. रात्री गुरं मधल्या आवारात येतात. मुलगा एका वयोगटाचा होतो आणि त्या गटासोबतच पुढे मोरान, म्हणजे तरुण लढवय्या, आणि नंतर वडीलधारा होतो. एन्किपाता, एउनोतो आणि ओल्ङेशेर हे त्या वाटचालीतले तीन विधी. युनेस्कोने 2018 मध्ये ते तातडीने जतन करण्याच्या यादीत घेतले. याच माणसाच्या खिशात मोबाइल असतो, त्यावर तो एम-पेसाने पैसे पाठवतो, आणि त्याची बहीण कदाचित नैरोबीत कॉलेजात असते. दोन्ही खरं आहे. ‘यांचं आयुष्य किती साधं’ असं त्याच्यासमोर मराठीतही बोलू नका, सूर कळतो.

जमिनीचा इतिहासही त्याला विचारा. ब्रिटिशांनी 1904 आणि 1911 च्या करारांनी मसाईंना उत्तरेकडच्या उत्तम चराऊ जमिनींवरून हटवून दक्षिणेला आणलं. गोऱ्या शेतकऱ्यांना ती जमीन हवी होती. आज आपण जे ‘अस्पर्श जंगल’ म्हणून पाहतो त्यात गुरं आणि वन्यप्राणी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र चरत आले आहेत.

फोटो विचारून काढा. मुलांना चॉकलेटं आणि पेनं वाटत फिरू नका. काही द्यायचंच असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारून द्या.

मसाई तरुण अजून सिंह मारतात का?

एके काळी सिंहाची शिकार हा मोरानच्या शौर्याचा भाग होता. आता ती बेकायदा आहे. गुरं मारली म्हणून सूडाने विष घालण्याचे प्रकार मात्र अधूनमधून होतात, आणि त्यात गिधाडं ढिगाने मरतात. केनियाच्या दक्षिणेतल्या अम्बोसेलीच्या भागात 2012 पासून मसाई ऑलिम्पिक्स भरतं. मोरान भालाफेक, उंच उडी आणि धावण्यात चुरस करतात, सिंहाऐवजी पदक जिंकायचं. त्याच भागात पूर्वी सिंह मारणारे काही तरुण आता सिंहांचा माग ठेवून गुराख्यांना सावध करण्याचं काम करतात.

शाकाहारी माणसाची उपासमार होते का?

मुळीच नाही. पूर्व आफ्रिकेत भारतीय पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. मोंबासाहून निघालेल्या युगांडा रेल्वेसाठी 1896 पासून तीसेक हजार मजूर हिंदुस्थानातून नेले गेले, व्यापारी त्याआधीपासून होते. 2017 मध्ये केनिया सरकारने तिथल्या आशियाई लोकांना देशाची 44 वी जमात म्हणून मान्यता दिली. चपाती, समोसा आणि दुधाचा चहा आता केनियाचेच पदार्थ झाले आहेत. कॅम्पमध्ये आधी कळवलं तर डाळ-भात-भाजी मिळते, जैन जेवणही अनेक ठिकाणी मिळतं.

तरी घरचे ठेपले आणि लोणचं संपवण्यातच दिवस घालवू नका. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत सुकुमा विकी ही परतलेली पालेभाजी. मका आणि घेवड्याची उसळ म्हणजे गिथेरी. सकाळी चहाबरोबर मांदाझी, म्हणजे पिठाचे गोडसर तळलेले वडे. सगळं शाकाहारी, सगळं रस्त्यावरच्या साध्या खानावळीत मिळणारं. भाजी शिजवताना चरबी वापरली का, एवढं विचारून घ्या.

बॅगेत काय हवं, काय नको?

नको ते आधी. प्लॅस्टिकच्या पिशव्या. केनियात 2017 पासून त्यांच्यावर कडक बंदी आहे, दंड मोठा आहे. कपडे, चपला पिशवीत गुंडाळायची आपली सवय निघण्यापूर्वीच सोडा. 2020 पासून संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटल्यांनाही बंदी आहे, म्हणून स्टीलची बाटली न्या. लष्करी छापाचे कपडे नकोत. ड्रोन घरी ठेवा. गडद निळे आणि काळे कपडे टाळा, त्सेत्से माशीला हे रंग ओढून घेतात आणि तिचा चावा जाडसर कापडातूनही लागतो.

हवं ते: स्वेटर आणि कानटोपी, खरंच. मारा विषुववृत्ताजवळ असला तरी दीड हजार मीटरच्या वर आहे आणि पहाटे उघड्या छताच्या गाडीत दात वाजतात. प्रत्येकाला स्वतंत्र दुर्बीण, घरात एकच असली की भांडणं होतात. तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा ॲडाप्टर. मोठी लेन्स असेल तर शिवलेली रिकामी पिशवी न्या आणि तिथे तांदूळ किंवा घेवडा भरून गाडीच्या कडेवर टेकवा, ट्रायपॉडची गाडीत अडचणच होते.

आजी-आजोबांना आणि लहान मुलांना नेता येईल?

येईल. चालणं कमी असतं, धक्के जास्त. पायी सफारी आणि गरम हवेच्या बलूनमधल्या सफारीला वयाची किंवा उंचीची अट असते, आधी विचारा.

मारा झाल्यावर दोन-तीन दिवस हातात असतील तर?

किलिमांजारोच्या पायथ्याचे हत्ती पाहायचे असतील तर अम्बोसेली. तिथल्या हत्तींचा अभ्यास 1972 पासून अखंड चालू आहे, एकेका कुटुंबाची वंशावळ ठाऊक आहे. कोरडा, वेगळा आफ्रिका हवा असेल तर उत्तरेला सांबुरू. ग्रेव्हीचा झेब्रा, जाळीदार जिराफ आणि लांब मानेचं गेरेनुक हरण मारात दिसत नाहीत, ते इथे दिसतात. जगातले शेवटचे दोन उत्तरी पांढरे गेंडे, नाजिन आणि फातू, केनियातल्याच ओल पेजेटा या कन्झर्व्हन्सीत आहेत. दोन्ही माद्या. शेवटचा नर सुदान 2018 मध्ये गेला. एवढ्या लांब जाऊन नुसती त्या दोघींची भेट घेणारेही आहेत, आणि आम्हाला ते पटतं.

सगळं एकाच आठवड्यात कोंबू नका. गाडीत बसूनच केनिया संपेल.

परतताना काय आणता येतं?

चहा, कॉफी, लाल चौकटीची शुका (मसाई अंगावर घेतात ती चादर), मण्यांचं काम. मणी शक्यतो बनवणाऱ्या बाईकडूनच घ्या आणि घासाघीस बेताची ठेवा. हस्तिदंत, कातडं, दात, नखं यांतलं काहीही नको, कुणी ‘जुनं आहे’ म्हणालं तरी नको. वाटेत पडलेलं पीस किंवा हाडसुद्धा उचलायचं नाही. विमानतळावर बॅगा उघडतात.